अर्धी चिठ्ठी

डॉक्टरनं रोग्याची नाडी हातात घेतल्याशिवाय औषध लिहून देऊ नये, असं ठासून सांगणारी माणसं आपल्याकडे भरपूर आहेत. त्यांत डॉक्टर आहेत, वकील आहेत आणि माझी आईही आहे. फोनवर औषध सांगणाऱ्याला ती 'आकाशवाणीचा डॉक्टर' म्हणते. पलीकडच्या बाजूला सरकार आहे, ॲपवाल्या कंपन्या आहेत, आणि तालुक्याच्या गावी जाऊन यायचं तर ज्यांचा अख्खा दिवस मोडतो आणि मजुरी बुडते अशी असंख्य माणसं आहेत. २५ मार्च २०२० रोजी, देशभर टाळेबंदी लागली त्याच दिवशी, दूरवैद्यकाची, म्हणजे फोनवरून किंवा पडद्यावरून उपचार करण्याची, मार्गदर्शक तत्त्वं निघाली. तेव्हापासून हा वाद एकाच खुंटीभोवती गरगरतोय: स्पर्श हवा की नको. मला वाटतं आपण खुंटीच भलती धरली आहे.

आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथकारानं, वाग्भटानं, रोगी तपासायच्या तीन वाटा सांगितल्या. दर्शन, स्पर्शन, प्रश्न. बघा, चाचपा, विचारा. आपली सगळी भांडणं पहिल्या दोन वाटांवरून. तिसरी वाट गवतानं बुजून गेली, समोरासमोरच्या दवाखान्यातसुद्धा बुजली, याचं कुणाला फारसं काही वाटत नाही. म्हणून ज्या काळात ही तिसरी वाटच तेवढी उरत असे, त्या काळातल्या एका रिवाजाकडे नीट बघायला हवं. पत्रातून वैद्यकी करण्याचा रिवाज.

१७८४ च्या सुरुवातीला लंडनमध्ये डॉ. सॅम्युअल जॉन्सन, इंग्रजीचा कोश रचणारे, दमा आणि अंगावरची सूज यांनी हैराण झाले होते. (त्यांची 'डॉक्टर' ही पदवी विद्वत्तेची, वैद्यकीची नव्हे.) लंडनमधले नाणावलेले वैद्य त्यांच्यावर उपचार करत होतेच. तरी त्यांनी आपला स्कॉटिश मित्र जेम्स बॉस्वेलला कळवलं, तुमच्याकडच्या वैद्यांनाही माझ्या दुखण्याबद्दल विचार. बॉस्वेलनं एडिंबरातल्या बड्या वैद्यांना पत्रं धाडली. त्यांतले एक होते डॉ. विल्यम कलन. सहाशेहून अधिक किलोमीटरवर पडलेल्या रोग्याबद्दल कलन यांनी आपलं मत लिहून पाठवलं, आणि यात काही वावगं घडतंय असं कुणालाही वाटलं नाही.

वाटणार कसं? कलन यांचा तो रोजचा व्यवसाय होता. एडिंबरा विद्यापीठात वैद्यक शिकवणारा हा माणूस त्या काळी युरोपभर ठाऊक होता. 'न्यूरोसिस' हा शब्द वैद्यकात आणला तो यांनीच. वैद्यकाची व्याख्यानं लॅटिन सोडून इंग्रजीत देणाऱ्या ब्रिटनमधल्या पहिल्या काही प्राध्यापकांत त्यांचं नाव येतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. त्यांना आलेली आणि त्यांनी लिहिलेली मिळून पाच हजारांवर पत्रं एडिंबराच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जपून ठेवलेली आहेत, आणि ग्लासगोच्या अभ्यासकांनी ती आता संगणकावर सर्वांना खुली केली आहेत. आलेली पत्रं जपणं एक वेळ समजतं. आपण पाठवलेल्या उत्तराची नक्कल ठेवणं हे मात्र खरं शिस्तीचं काम. आधी ते लेखनिकाकडून करून घेत. १७८१ पासून त्यांनी एक नवं यंत्र वापरायला घेतलं: ताज्या शाईच्या पत्रावर ओलसर पातळ कागद दाबून त्याची प्रत काढायची. यंत्र काढलं होतं जेम्स वॉट यांनी, तेच ते वाफेच्या इंजिनवाले. म्हणजे वैद्यकी सल्ल्याची 'कॉपी' ठेवायला नवं तंत्र घेण्यात एडिंबरातला सत्तरीचा म्हातारा आपल्या कित्येक तरुण डॉक्टरांच्या पुढे होता.

या पत्रांत असे काय? कधी रोगी स्वतः लिही, कधी बायकोसाठी नवरा, मुलासाठी बाप, कधी गावचा शल्यवैद्य, कधी पाद्री. दुखणं कधीपासून, सुरुवात कशी झाली, आधी कोणते आजार होऊन गेले, आई-बापाला काय होतं, खाणं काय, झोप कशी, शौच कसं, कुणी कोणतं औषध दिलं आणि त्यानं काय झालं. आणि मग ज्याला कुठल्याच रकान्यात जागा नाही असा मजकूर: धंद्यात बसलेली खोट, घरातला मृत्यू, मनातली भीती. १८४० मध्ये पेनी पोस्ट येईपर्यंत ब्रिटनमध्ये टपालखर्च अंतरावर आणि पानांवर ठरायचा आणि बहुधा पत्र घेणाऱ्याला भरावा लागायचा. इतकं महाग पत्र माणूस सहज खरडत नाही. बसून, आठवून, क्रम लावून लिहितो. दुखण्याला क्रम लावणं हीच निदानाची पहिली पायरी, आणि ती रोगी स्वतः चढत असे.

कलन यांचं उत्तर पुष्कळदा दोन भागांत जाई. पहिला भाग रोग्यासाठी, सरळ इंग्रजीत. तुमच्या दुखण्याबद्दल मला काय वाटतं, का वाटतं. काय खा, काय टाळा. कपडे किती जाड घाला. घोड्यावर रपेट किती करा. अमुक झालं तर तमुक करा, आणि पुन्हा कळवा. दुसरा भाग औषधवाल्यासाठी, लॅटिनमध्ये: कोणतं द्रव्य किती, कसं कालवायचं.

आता आपल्या हाती येणारी चिठ्ठी डोळ्यांसमोर आणा. वर डॉक्टरांचं नाव आणि पदव्या, खाली औषधांची नावं इंग्रजीत, पुढे १-०-१. तळाशी सही. ही चिठ्ठी कुणासाठी लिहिलेली आहे? मेडिकलवाल्यासाठी. कलन यांच्या पत्राचा लॅटिन भाग तेवढा आपल्यापर्यंत आला आणि इंग्रजी भाग वाटेत कुठेतरी गळून पडला. आपण फी देतो पूर्ण चिठ्ठीची आणि घरी आणतो अर्धी. माझी तक्रार आहे ती या अर्ध्या गळालेल्या भागाबद्दल. डॉक्टर समोर बसला होता की पडद्यावर दिसत होता, हा प्रश्न त्यानंतरचा.

यावर लगेच येणारं उत्तर मला ठाऊक आहे, आणि ते वजनदार आहे. जीव जातो, बाई. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे रत्नागिरीतलं एक प्रकरण आलं. सिझेरियन होऊन घरी गेलेली बाळंतीण पुन्हा त्रास होऊ लागल्यानं दवाखान्यात दाखल झाली, डॉक्टर गावात नव्हते, उपचार फोनवरून सांगितले गेले, आणि ती दगावली. न्यायालयानं अटकपूर्व जामीन नाकारताना निदान न करता औषध देण्याबद्दल फार कडक शब्द वापरले. ते वाचून महाराष्ट्रातले डॉक्टर हादरले, फोन घ्यायलाही कचरू लागले.

त्या जागी कलन असते तर? ते त्या वाटेला गेलेच नसते. जाणं शक्यच नव्हतं. एडिंबराला पत्र जाऊन उत्तर यायला दिवस लागत, दूरच्या गावाला आठवडे. ताप चढलेला, रक्त वाहतंय, बाळंतीण अडली आहे अशा वेळी पत्र लिहिणारा वेडाच ठरला असता. उत्तर येईतो रोगी बरा तरी झालेला असे किंवा पुरलेला तरी. म्हणून पत्रावर चालायची ती रेंगाळणारी दुखणी: जुनाट अपचन, संधिवात, फेफरं, दमा, उदासी, डोकेदुखी. टपालाच्या घोड्याचा वेग हाच दूरवैद्यकाचा कायदा होता. काय दुरून करायचं आणि काय नाही, हे अंतरच ठरवून टाकी.

फोननं तो कायदा पुसून टाकला. आवाज क्षणात पोचतो, म्हणून वैद्यकही क्षणात पोचेल असा भास होतो. रत्नागिरीच्या प्रकरणात अंतरापेक्षा हा भास घातक ठरला, असं मला वाटतं. २०२० च्या तत्त्वांनी ती जुनी रेघ पुन्हा ओढायचा प्रयत्न केला आहे, हे मान्य करायला हवं. तातडीच्या वेळी दुरून फक्त प्रथमोपचार आणि 'ताबडतोब अमुक ठिकाणी जा' एवढंच. कोणती औषधं कोणत्या माध्यमातून लिहिता येतील त्याच्या याद्या. अमली आणि मनावर परिणाम करणारी औषधं दुरून लिहायला बंदी. रेघ बरोबर आहे. पण रेघेच्या अलीकडे काय करायचं, तिथे मात्र आपण कंजूष आहोत.

त्या अलीकडच्या बाजूचा एक नमुना सांगते. आई साताऱ्याकडे एकटी असते. दोन वर्षांपूर्वी मी तिला एका ॲपवर डॉक्टर लावून दिला. आधी तक्रार निवडायची होती, इंग्रजीतल्या यादीतून. आईचं म्हणणं होतं, "छातीत नाही गं, पोटाच्या वरच्या अंगाला कालवल्यासारखं होतं, मग पाठीत रग भरते, आणि पहाटे तोंडाला आंबूस पाणी सुटतं." यादीत 'ॲसिडिटी' होतं. तेच दाबलं. डॉक्टर आले, सभ्य होते, "ॲसिडिटी होतेय का?" म्हणाले. आई "हो" म्हणाली. तीन मिनिटांत गोळी लिहून आली. गोळी चूक होती असं मी म्हणत नाही. पण कालवणं, रग आणि पहाटेचं आंबूस पाणी या तिन्ही गोष्टी एका शब्दात बुडाल्या, आणि तो शब्द आईनं उच्चारलेलाही नव्हता.

मराठी माणसाकडे दुखण्यासाठी किती शब्द आहेत बघा. ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी, शिणक वेगळी. उसण भरते, पेटका येतो, वांब येतात, मुंग्या येतात. ताप नसतो पण कणकण असते. कणकणही नसते पण अंगात कसर असते. पोटात गोळा उठतो, कालवतं, मळमळतं, ढवळतं. हे शब्द काही कवितेसाठी जन्मले नाहीत. ठणका म्हटलं की ठोक्याठोक्यानं दुखणारी, बहुधा पू धरलेली जागा. कळ म्हटलं की येऊन जाणारी, पिळणारी वेदना. जुना घरचा डॉक्टर या शब्दांवर अर्धं निदान करायचा. इंग्रजी यादीत या सगळ्यांचं मिळून एक 'पेन' होतं, फार तर एक ते दहापर्यंत आकडा.

आणि दवाखान्यात तरी काय वेगळं घडतं? १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं होतं की रोगी तक्रार सांगू लागला की सरासरी अठराव्या सेकंदाला डॉक्टर त्याला तोडतो. २०१७ मध्ये सदुसष्ट देशांतल्या तपासणीच्या वेळांचा आढावा प्रसिद्ध झाला, त्यात भारताच्या वाट्याला सुमारे दोन मिनिटं आली. सरकारी दवाखान्यातली रांग पाहिलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही, आणि त्या रांगेपुढे बसलेल्या डॉक्टरला मी दोष देणार नाही. पण मग 'प्रत्यक्ष तपासणी'चा एवढा बडेजाव का? दोन मिनिटांत दर्शन होतं, स्पर्शन कधी होतं कधी नाही, आणि प्रश्नाचं तर विचारूच नका.

प्रश्न कसे विचारावेत याचं भान त्या पत्रांच्या काळात किती पक्कं होतं, ते स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या टिसो या वैद्याकडे पाहिलं की कळतं. त्यांनी १७६१ मध्ये सामान्य लोकांसाठी आरोग्याचं एक पुस्तक लिहिलं. ते भाषांतरं होऊन युरोपभर गेलं. वैद्याला विचारायला जाताना कोणत्या प्रश्नांची उत्तरं तयार हवीत, याची त्यात यादीच दिली होती. वय काय, आधी प्रकृती कशी असे, दिनक्रम काय, आजार कधीपासून, ताप आहे का, नाडी कशी लागते, ताकद किती उरली, तहान, चव, भूक, झोप, घाम, लघवी. बायकांसाठी वेगळे प्रश्न, मुलांसाठी वेगळे. म्हणजे रोग्यालाच रोगाचा वृत्तांत लिहायचं शिक्षण. टिसो यांच्याकडे आलेली हजारावर सल्लापत्रं लोझानला अजून आहेत.

१७६१ हे साल मोठं गमतीचं आहे. त्याच वर्षी व्हिएन्नात आउएनब्रुगर यांनी छातीवर बोटांनी ठोकून आवाजावरून आतलं दुखणं ओळखायची रीत छापली. ते खानावळवाल्याचे चिरंजीव. पिंपावर टिचकी मारून दारू किती उरली ते बापाला ओळखताना पाहून त्यांना हे सुचलं, असं सांगतात. आणि त्याच वर्षी पादुआच्या मोर्गान्यी यांनी एकोणऐंशीव्या वर्षी तो प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला, ज्यात शेकडो प्रेतं फाडून दाखवलं होतं की रोग शरीरातल्या ठरावीक अवयवात घर करून असतो. रोग अवयवात आहे म्हटल्यावर रोग्याची कहाणी कशाला ऐकायची? अवयवच तपासा. पत्रवैद्यकीच्या मुळावर घाव घातला तो या ग्रंथानं. गंमत पुढेच आहे: तो ग्रंथ लिहिलाय सत्तर पत्रांच्या रूपात, आणि मोर्गान्यी स्वतः लेखी सल्ले देणारे मातब्बर वैद्य होते. पुढे १८१६ मध्ये पॅरिसच्या लाएनेक यांना एका तरुण बाईच्या छातीला कान लावायचा संकोच वाटला, म्हणून त्यांनी कागदांची सुरळी केली आणि तिच्यातून ठोके ऐकले. पहिला स्टेथोस्कोप म्हणजे कागदच. ज्यावर रोगी लिहायचा त्याचीच सुरळी होऊन ती डॉक्टरच्या कानाला लागली, आणि रोग्याच्या तोंडापेक्षा त्याची छाती जास्त बोलू लागली.

हे वाईट झालं असं म्हणण्याचा वेडेपणा मी करणार नाही. कलन यांच्या काळचे उपाय आज वाचायलाही नको वाटतात. शीर तोडून रक्त काढायचं, कातडीवर लेप लावून फोड उठवायचे, वांत्या करवायच्या, रेच द्यायचे. जॉन्सन त्याच वर्षी डिसेंबरात गेले, एडिंबराचा सल्ला आणि लंडनचे वैद्य दोन्ही असून. शिवाय ही चैन ज्याला लिहिता येतं आणि फी परवडते त्याचीच. छाती ऐकण्यानं, रक्त तपासण्यानं, क्ष-किरणानं जे वाचले ते पत्रांनी वाचले नसते. मला कलन यांचं औषध नकोच आहे. त्यांच्या टपालपेटीत आलेली पत्रं आणि त्यांच्या उत्तराचा पहिला अर्धा भाग, एवढंच मागते आहे.

इथे एक आडवळण घेते, कारण महाराष्ट्रात ते घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. १७९० मध्ये सॅम्युअल हानेमान नावाचा जर्मन वैद्य कलन यांच्या औषधिग्रंथाचं भाषांतर करत बसला होता. सिंकोनाची साल हिवतापावर का चालते, याचं कलन यांनी दिलेलं कारण त्याला पटलं नाही. त्यानं साल स्वतःच खाऊन पाहिली, आणि तिथून होमिओपथीची गंगोत्री सुरू झाली. त्या साबुदाण्याएवढ्या गोळ्यांत काही उरतं यावर माझा विश्वास नाही. पण हानेमाननं आपल्या शिष्यांना बजावलं होतं की रोगी बोलत असताना गप्प बसा, त्याला मध्ये तोडू नका, तो म्हणतो ते त्याच्याच शब्दांत टिपून घ्या. आपल्याकडे सुशिक्षित माणसंसुद्धा होमिओपथकडे का जातात, याची वैज्ञानिक मंडळी चेष्टा करतात. तिथे पाऊण तास कुणीतरी ऐकून घेतं, स्वप्नं काय पडतात तेही विचारतं, हे त्याचं अर्धं उत्तर आहे. जे ऐकणं खऱ्या वैद्यकानं टाकून दिलं ते दुसऱ्यांनी उचललं. यात त्यांना हसण्यासारखं काय आहे?

ऐकण्याला आणि लिहिण्याला दुधारी पातं आहे, हेही खरं. ज्या टिसो यांचं मी एवढं कौतुक केलं, त्यांनीच हस्तमैथुनानं माणूस खंगतो, वेडा होतो असं भयंकर पुस्तक लिहिलं. ते १७६० मध्ये फ्रेंचमध्ये आलं आणि त्याची धास्ती दोन शतकं पुरली. ते वाचून घाबरलेल्या तरुणांचीच कितीतरी पत्रं पुढे टिसो यांच्याकडे येत राहिली. भीती त्यांनीच पेरली, आणि सल्लाही त्यांच्याकडेच मागितला गेला.

तीच भीती इंग्रजी राज्याबरोबर इकडे आली, स्थानिक समजुतींत मिसळली, आणि मराठी वर्तमानपत्रांत 'व्ही. पी.ने मागवा' म्हणणाऱ्या शक्तिवर्धक गोळ्यांच्या जाहिरातींनी तिच्यावर धंदा केला. पैशात मिळणाऱ्या पोस्टकार्डानं पत्रवैद्यकी गावोगाव पोचवली, तशी भोंदूगिरीही पोचवली. चमत्कारी उपचारांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा करायला १९५४ उजाडलं. त्याच्या कितीतरी आधी मुंबईत एक माणूस या भीतीला पत्रांनीच उत्तर देत बसला होता. र. धों. कर्वे. हे वैद्य नव्हते, गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ मध्ये त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं, जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, आणि मरेपर्यंत चालवलं. वाचक त्यात लैंगिक शंका विचारायचे. घरच्या डॉक्टरला जे तोंडानं विचारायची छाती होत नव्हती, ते शाईनं विचारायचे. कर्वे आडपडदा न ठेवता छापून उत्तर द्यायचे. हस्तमैथुनानं काही बिघडत नाही, हे त्या काळी मराठीत कुणीतरी स्वच्छ लिहीत होतं.

याच प्रश्नोत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूनं उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. वाचक प्रश्न विचारतात, तर मासिकानं त्याला उत्तर द्यायचं नाही का, हा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. कर्व्यांना दंड झाला. पण लोझानला पेरलेलं भय पुस्तकातून पसरलं होतं आणि गिरगाव-दादरच्या माणसांच्या मनातून ते पत्रातून निघत होतं, हे मला त्या खटल्याच्या निकालापेक्षा महत्त्वाचं वाटतं. अंतर नेहमी उणंच करतं असं नाही. काही दुखणी अशी असतात की समोर माणूस असला तर ती तोंडातून बाहेरच पडत नाहीत.

मग आज काय करायचं? सरकारच्या 'ई-संजीवनी' सेवेनं फेब्रुवारी २०२३ मध्ये दहा कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला. तिच्या एका प्रकारात उपकेंद्रावर रोग्याशेजारी समुदाय आरोग्य अधिकारी बसतो आणि लांबच्या डॉक्टरशी पडद्यावर बोलणं करून देतो. कलन यांना लिहिणारा गावचा शल्यवैद्य आणि हा अधिकारी, दोघांची जागा तीच. फरक एवढाच की शल्यवैद्य आधी लिहायचा. आपल्या या अधिकाऱ्यानं किंवा आशाताईनं, पडदा उजळण्याआधी, रोग्याचं म्हणणं त्याच्याच बोलीत पानभर उतरवून घ्यावं, 'कालवतं' म्हटलं तर 'कालवतं'च लिहावं, आणि ते पान डॉक्टरनं बोलण्याआधी वाचावं. ज्याला लिहिता येत नाही त्याचा आवाज मुद्रित करावा. गावातल्या म्हाताऱ्या एकमेकींना व्हॉट्सॲपवर पाच-पाच मिनिटांचे आवाज धाडतातच. आणि डॉक्टरनं चिठ्ठीबरोबर चार ओळी मराठीत द्याव्यात: मला काय वाटतं, का वाटतं, काय झालं तर थांबू नका, आणि पुन्हा कधी कळवा. त्याची प्रत दोघांकडे राहावी. हे ऐच्छिक ठेवलं तर होणार नाही, नियमातच हवं. तत्त्वांबरोबर दिलेल्या चिठ्ठीच्या नमुन्यात तक्रार, निदान, औषधं यांना जागा आहे. या चार ओळींसाठीही करता येईल.

डॉक्टर म्हणतील, वेळ कुठाय? वाचायला ऐकण्यापेक्षा कमी वेळ लागतो, हे पहिलं. दुसरं म्हणजे हे फुकट मागू नये. ओळखीच्या डॉक्टरला रात्री साडेअकराला रिपोर्टचा फोटो पाठवून 'जरा बघा ना' म्हणणारे आपण, पत्राची फी कलन घेत होते हे विसरतो. लेखी सल्ल्याची वेगळी फी असावी आणि सरकारी सेवेत त्या कामाचा वेळ हजेरीत धरावा. तिसरा आक्षेप खोल आहे: लिहून दिलं की कोर्टात तेच अंगावर येईल. येईल. पण आज काहीच लिहिलेलं नसतं तेव्हाही प्रकरण कोर्टात जातंच, आणि मग 'मी सांगितलं होतं' विरुद्ध 'सांगितलं नव्हतं' एवढंच उरतं. ज्यानं कारण लिहून ठेवलं त्याच्या बाजूनं बोलायला निदान कागद तरी असतो.

मी स्वतः हा प्रयोग एकदा करून पाहिला. गेल्या पावसाळ्यात आईचं पोट पुन्हा बिघडलं. या वेळी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडेच, समोरासमोर जायचं होतं. मी तिला म्हणाले, आधी सगळं लिहून काढ. तिनं कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे दीड पान लिहिलं. सुरुवात पाडव्यापासून. रात्रीचं जेवण मालिका संपल्यावर, म्हणजे साडेनऊला. पहाटेचं आंबूस पाणी. आणि खाली, उरलेल्या जागेत बारीक अक्षरात: गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणते ती दुखण्याची गोळी, दिवाळीपासून रोज एक, थंडीत दोन.

डॉक्टरांनी बाकीचं भरभर वाचलं आणि त्या ओळीखाली पेनानं रेघ मारली. घरी येताना मी तिच्यावर वैतागले, एवढी गोष्ट इतके महिने कुणालाच कशी सांगितली नाहीस?

"त्यांनी पोटाचं विचारलं होतं," आई म्हणाली. "गुडघ्याचं कुणी विचारलं?"